बालीत महिन्याच्या भाड्याचं घर: आधी मीटर बघा, मग भातशेत

बालीत कंपाउंडच्या भिंतीवर, नारळाच्या खोडावर, शेताच्या बांधावर एकच पाटी सारखी दिसत राहते: 'दिसेवाकान'. म्हणजे भाड्याने देणे आहे. इंडोनेशियन भाषेत 'सेवा' म्हणजे भाडं. आपल्या कानाला शब्द घरचा वाटतो आणि गल्लत तिथूनच सुरू होते. भाडं भरलं की सेवा आलीच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हातात पडते ती किल्ली. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, कचरा आणि गल्लीतल्या माणसांशी संबंध हे ज्याचं त्याने बघायचं असतं.

हे परीक्षण आठवड्याच्या सहलीचं नाही. चांगू, उबुद, सानूर, उलुवातू या दक्षिणेकडच्या पट्ट्यात परदेशी माणसाला एक ते सहा महिन्यांसाठी मिळणारं सामानासह घर, एवढाच विषय. पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन. त्यातला दीड घराचा, उरलेले दोन घराबाहेरच्या बेटाचे.

भाडं 'जुता'मध्ये सांगतात. एक जुता म्हणजे दहा लाख रुपिया. तेव्हा 'पंधरा जुता' ऐकून पायाकडे बघू नये. आपल्या एका रुपयाला साधारण १८५ ते १९० रुपिया पडतात, म्हणजे १० जुता हे ५३ हजार रुपयांच्या आसपास. स्थानिक नोकरदार राहतात त्या एकेका खोलीच्या चाळवजा इमारतीला 'कोस' म्हणतात. तिथे एसीची खोली ढोबळमानाने २ ते ४ जुतात मिळते. सानूर किंवा उबुदमधल्या घरगुती गेस्टहाउसची खोली ५ ते ८. चांगूत एका बेडरूमचा, छोट्या पूलचा व्हिला १५ पासून ३० पर्यंत कुठेही. जुलै-ऑगस्टमध्ये आणि नाताळात हे आकडे फुगतात, फेब्रुवारीत घासाघीस चालते. महिन्याचा भाव 'बुलानान', वर्षाचा 'ताहुनान'. वर्षाचा भाव महिन्याच्या बारापटीपेक्षा पुष्कळ कमी असतो, पण तो सगळा आगाऊ, एकरकमी मोजायचा असतो. जाहिरात डॉलरमध्ये असली तरी पैसे रुपियातच द्यायचे. २०११ च्या चलन कायद्याने देशातला व्यवहार रुपियात करणं बंधनकारक आहे. दर कोणता धरायचा हे बोलणी करतानाच लिहून घ्यावं, नाहीतर मालक स्वतःच्या सोयीचा दर लावतो आणि भाडं न वाढता वाढतं.

मीटर

घर दाखवणारा एजंट तुम्हाला आधी पूलकडे नेईल. तुम्ही उलट फिरून फाटकाजवळच्या भिंतीवर जा. तिथे सरकारी वीज कंपनीचा, पीएलएनचा, बटणांचा डिजिटल मीटर असतो आणि त्या घराचा मंजूर भार व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमध्ये, ठरलेला असतो: १३००, २२००, ३५००, ५५०० किंवा त्याहून जास्त. या आकड्यावर तुमचा पुढचा महिना कसा जाणार ते ठरतं. व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच, २२०, त्यामुळे २२०० व्हीए म्हणजे १० अँपिअर, ३५०० म्हणजे १६. त्यापुढे गेलं की खटका पडतो.

हिशेब करून बघा. बेडरूमला पुरणारा 'एक पीके'चा, म्हणजे एक अश्वशक्तीचा, एसी चालू असताना साधारण ८०० वॅट घेतो. पाण्याचा पंप २०० वॅट, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. इंडक्शन शेगडी २००० पर्यंत. साठवणीचा गीझर ३५० ते ५०० वॅटचा असेल तर ठीक. झटपट गरम करणारा असेल तर तो एकटाच २००० च्या पुढे. २२०० व्हीएच्या घरात एसी चालू असताना शेगडी लावली की अंधार ठरलेलाच. दोन बेडरूम, दोन एसी आणि पूलचा पंप असेल तर ५५०० च्या खाली बघूच नये. भार वाढवून घेणं मालकाच्या हातात असतं, भाडेकरूच्या नाही, आणि 'पुढच्या आठवड्यात वाढवतो' हे वाक्य बालीत फार गोड हसून म्हटलं जातं.

मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड असतो. मीटरचा क्रमांक सांगून इंडोमारेत किंवा आल्फामार्त या कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या दुकानांत, नाहीतर गोजेक या टॅक्सी-घरपोच सेवेच्या अ‍ॅपवर पैसे भरायचे. २० आकडी टोकन मिळतं, ते मीटरवर दाबायचं. शिल्लक संपत आली की मीटर पींपीं करू लागतो. हा आवाज पहाटे तीनला सुरू होतो असा सर्वांचा समज आहे. कारण साधं आहे, रात्रभर एसी चालतो आणि युनिटं तेव्हाच संपतात. मीटरच्या क्रमांकाचा फोटो फोनमध्ये ठेवावा, म्हणजे मध्यरात्री बाहेर टॉर्च घेऊन उभं राहावं लागत नाही.

१३०० आणि २२०० व्हीएच्या घरगुती मीटरला युनिटचा दर १,४४४.७० रुपिया आहे, ३५०० आणि त्यावरच्याला १,६९९.५३. म्हणजे मोठ्या मीटरवर एक लाख रुपियाच्या टोकनात कर कापून ५५ च्या आसपास युनिटं येतात. एक एसी रात्रभर दहा तास चालवला तर पाच-सहा युनिटं, म्हणजे दहा हजार रुपिया, आपले पन्नास-पंचावन्न रुपये. हे काही भारी नाही. भारी पडतो तो पूल. त्याचा पंप अर्ध्या ते पाऊण किलोवॅटचा, दिवसाला सहा-आठ तास चालणारा. महिन्याला शंभर-दीडशे युनिटं तो गिळतो. आणि ती तुमच्या टोकनातून जातात, पोहा नाहीतर नुसतं बघत बसा. करार करताना 'वीज भाडेकरूची' एवढंच लिहिलेलं असतं. पूलचा पंप आणि बागेचे दिवे कोणाच्या खात्यात, हे वेगळं विचारावं लागतं. काही मालक अर्ध्या टोकनाचे पैसे कबूल करतात, पण न विचारता कोणीच करत नाही.

बालीला विजेचा काही भाग जावाहून समुद्राखालच्या केबलमधून येतो. २ मे २०२५ ला दुपारी अख्ख्या बेटाची वीज गेली आणि सगळीकडे पूर्ववत व्हायला मध्यरात्र उलटली. असं रोज होत नाही. रोजचं असतं ते पावसात फांदी पडून तासभर जाणारी वीज. 'माती लाम्पू', म्हणजे दिवे गेले, हा शब्दप्रयोग पहिल्या महिन्यातच पाठ होतो. राउटरला पुरेल एवढा छोटा यूपीएस ठेवला की फायबर बऱ्याचदा चालू राहतं. भारतातली गोल दोन पिनांची सडपातळ चार्जरं तिथल्या सॉकेटमध्ये बसतात. तीन पिनांचं काहीही बसत नाही, अ‍ॅडॉप्टर न्यावा.

पाणी, गॅस आणि स्वयंपाकघराचं नाटक

बहुतेक व्हिलांना बोअरचं पाणी असतं. पंप थेट नळाला जोडलेला असेल तर वीज गेली की पाणीही गेलं. छतावर किंवा चौथऱ्यावर टाकी आहे का, ते बघावं. तिला 'टोरेन' म्हणतात. किनाऱ्याजवळ उपसा वाढल्याने बोअरमध्ये खारं पाणी शिरतं. ओळखायची खूण सोपी: बाथरूममध्ये हाताला साबण लावून बघा. फेस येत नसेल आणि नळाच्या तोंडावर पांढरी खरड असेल, तर केसांचं आणि कपड्यांचं काय होणार ते समजा. कमोडमध्ये पिवळट-तांबूस ओघळ म्हणजे पाण्यात लोह. उलुवातूचा भाग म्हणजे बुकित, चुनखडीचं कोरडं पठार. तिथे पुष्कळ घरांना टँकरचं पाणी लागतं. टँकर कोणाच्या पैशाने, हा प्रश्न तिथे विजेइतकाच महत्त्वाचा.

नळाचं पाणी कुठेच पिऊ नये. प्यायला १९ लिटरचा 'गालोन' घ्यायचा. रिकामी बाटली देऊन भरलेली घेतली की वीस-पंचवीस हजार रुपिया, पहिल्या वेळी बाटलीचे पैसे वेगळे. दोन माणसांना स्वयंपाकासह आठवड्याला दोन लागतात. कोपऱ्यावरचा दुकानदार स्कूटरवर घरपोच आणतो, फक्त त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घराचं लोकेशन पाठवून ठेवावं लागतं, कारण बालीच्या गल्ल्यांना घरक्रमांक नावापुरते असतात.

गॅसच्या बाबतीत एक शिस्त पाळावी. ३ किलोचं हिरवं सिलिंडर, ज्याला सगळे 'मेलोन' म्हणतात, ते गरीब कुटुंबांसाठीचं अनुदानित आहे. परदेशी माणसाच्या व्हिलात ते सापडलं तर मालकाला सांगून ५.५ किलोचं गुलाबी किंवा १२ किलोचं मागवावं. किंमत जास्त, पण शेजारच्या वारुंगवालीच्या, म्हणजे छोट्या खानावळवालीच्या, तोंडचा गॅस आपण पळवत नाही. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. सिलिंडरच्या तोंडातली रबरी चकती झिजलेली असणं हा तिथला नेहमीचा दोष, आणि सुटी चकती दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते.

आता स्वयंपाकघर. छायाचित्रात ते सुंदर दिसतं, कारण त्याला भिंती नसतात. 'ओपन लिव्हिंग' या नावाखाली बैठक आणि ओटा एका छपराखाली, तीन बाजूंनी उघडे. वारा शेगडीची ज्योत विझवतो, संध्याकाळी दिव्यावरचे किडे फोडणीत पडतात, रात्री उंदीर आणि मुंग्या हिशेब पूर्ण करतात. रोज पोळी-भाजी करणाऱ्या माणसाने भिंती असलेलं स्वयंपाकघरच घ्यावं, मग पूल नसला तरी चालेल. प्रेशर कुकर सोबत न्यावा. बाजारात हळद 'कुन्यित', धने 'केतुंबार', चिंच 'आसाम जावा', हिरवे मूग 'काचांग हिजाऊ' या नावांनी सहज मिळतात. ताजं किसलेलं खोबरं सकाळच्या बाजारात पिशवीत भरून देतात, हे सुख वेगळंच. तूरडाळ आणि हिंग मात्र साध्या बाजारात शोधत फिरू नये, घरून न्यावं. बाहेर खाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी एकच शब्द: 'तेरासी', म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा गोळा. तो चटणीत, परतलेल्या पालेभाजीत, बिनमांसाच्या वाटणाऱ्या कशातही असतो. 'तान्पा तेरासी' म्हणजे तेरासीशिवाय. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि टोफू मात्र रोज खाऊनही कंटाळा येत नाही.

भातशेताचा देखावा

जाहिरातीतलं हिरवं शेत तुमच्या भाड्यात नसतं, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. बालीची पाटाच्या पाण्याची 'सुबाक' व्यवस्था २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण चांगू-पेरेरेनानच्या बाजूला शेतं भराभर सिमेंटखाली जात आहेत. घर बघताना त्या शेताच्या बांधावरही 'दिसेवाकान' किंवा 'दिजुआल' म्हणजे विकणे आहे, अशी पाटी दिसते का ते पाहावं. पाटी असेल, कोपऱ्यात वाळूचा ढीग असेल किंवा आखणीचे बांबू रोवलेले असतील, तर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच फरशी कापण्याचा आवाज ऐकायची तयारी ठेवा. महिन्याच्या करारात यावर तोड नाही. त्यापेक्षा पहिला आठवडा वेगळा ठरवून मग पुढचे पैसे द्यावेत. शेत खरोखरच शेत राहिलं तरी कापणीनंतर पेंढा जाळतात, नांगरणीच्या वेळी चिखल आणि बेडूक असतात, आणि पाणी भरलेल्या खाचरातून डास. चित्रातली ती पोपटी हिरवाई पिकाच्या चार महिन्यांतले पाच-सहा आठवडे.

पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. उबुद दोनशे-तीनशे मीटर उंचीवर, त्यामुळे हवा जरा गार पण दमट. सानूर-चांगूपेक्षा पाऊस जास्त. चामड्याचे पट्टे, पासपोर्टचं कव्हर, कपाटातले सुती कपडे यांवर आठ-दहा दिवसांत बुरशी धरते. श्रावणात कोकणातल्या बंद खोलीला येतो तोच वास. एसी रोज तासभर 'ड्राय'वर चालवावा, कपाटाची दारं उघडी ठेवावीत. गवती छप्पर, म्हणजे 'आलांग-आलांग', दिसायला देखणं आणि उन्हाळ्यात गार; पण जुनं झालं की त्यातून बारीक भुसा अंथरुणावर गळत राहतो. पलंगावर पांढरी मच्छरदाणी सजावटीसाठी लावलेली नसते, ती अर्धी या भुशासाठी असते. छत गळतं की नाही हे पाऊस नसताना कळत नाही. लाकडी वाशांवरचे काळे डाग आणि भिंतीच्या वरच्या कडेचा फुगलेला रंग मात्र सांगतात. उघडी न्हाणीघरं रोमँटिक म्हणून विकली जातात. डेंगी बारमाही असलेल्या बेटावर अंघोळीच्या वेळी डासांना खुलं आमंत्रण देण्यात काय रोमान्स, ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचे वारे कुता, लेगियान, जिम्बारानच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे ढीग आणून टाकतात. त्या दिवसांत 'समुद्रापासून पाच मिनिटं' यासाठी जास्त भाडं मोजू नये. पूर्वेकडे तोंड असलेला, प्रवाळाच्या कड्याआड शांत असलेला सानूरचा किनारा तेव्हा बरा असतो. घरातल्या कचऱ्याचंही विचारून घ्यावं: गाडी कोणाची, आठवड्यातून किती वेळा, पैसे कोण देतं. देनपासारजवळच्या सुवुंग कचराभूमीने ऑगस्ट २०२५ मध्ये ओल्या कचऱ्यावर बंधनं आणली, तेव्हापासून वेगळा न केलेला कचरा गाडीवाला दारातच सोडून जातो. मग कोणीतरी तो संध्याकाळी मागच्या बाजूला पेटवतो आणि धूर नेमका तुमच्या उघड्या बैठकीत येतो. ओल्या कचऱ्याला बागेत खड्डा असेल तर अर्धा प्रश्न मिटतो.

स्कूटरशिवाय घर म्हणजे अर्धं घर

सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाही. विमानतळ ते उबुद ३५-४० किलोमीटर, पण दीड तास धरावा, संध्याकाळी दोन. होंडा स्कूपी किंवा व्हारिओ महिन्याला ७ लाख ते १२ लाख रुपियात मिळते, मोठी एनमॅक्स त्याहून महाग. वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे आपला हात लगेच बसतो आणि बेफिकिरीही. मोटरसायकलचा वर्ग नोंदवलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर पोलिसांचा दंड किरकोळ. खरा फटका प्रवासविम्याचा, अपघाताचा दावा त्याच कारणाने नाकारला जातो. घेताना ब्रेक, टायरची नक्षी, दोन्ही हेल्मेटांचे पट्टे बघावेत, आधीचे ओरखडे व्हिडिओत टिपावेत आणि वाहनाचा 'एसटीएनके' हा नोंदणीचा कागद सीटखाली आहे ना याची खात्री करावी. पासपोर्ट गहाण कधीही ठेवू नये. पेट्रोल पंपावर पेर्तालिते, म्हणजे तिथलं साधं पेट्रोल, १०,००० रुपिया लिटर. रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत मिळतं ते थोडं महाग आणि अडल्या वेळेपुरतंच.

गोजेक आणि ग्रॅब स्वस्त आहेत, पण काही गल्ल्यांत स्थानिक टॅक्सीवाल्यांनी अ‍ॅपच्या गाड्यांना प्रवाशी घेण्यास मनाई केल्याच्या पाट्या लावलेल्या असतात. सोडायला येतील, न्यायला येणार नाहीत. घराच्या गल्लीच्या तोंडाशी अशी पाटी आहे का, आणि गल्लीतून चारचाकी आत येते का, हे सामान घेऊन उतरण्याआधी कळलेलं बरं.

कागदपत्रं

भारतीयांना विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन ३० दिवसांचा व्हिसा ५ लाख रुपियात मिळतो. तो एकदाच आणखी ३० दिवस वाढतो, पुन्हा ५ लाख. अर्ज ऑनलाइन, पण फोटो आणि बोटांच्या ठशांसाठी इमिग्रेशन कार्यालयात जावं लागतं, आणि कोणतं कार्यालय हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं. मुदत संपायच्या किमान दोन आठवडे आधी सुरुवात करावी. एक दिवस जरी उशीर झाला तरी दंड दिवसाला १० लाख रुपिया. याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताची १,५०,००० रुपियाची प्रवेशपट्टी आहे, ती वेगळी. दोन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर सुरुवातीलाच ६० दिवसांचा भेटीचा व्हिसा काढावा, तो टप्प्याटप्प्याने १८० दिवसांपर्यंत जातो. यांपैकी कशावरही तिथे नोकरी करता येत नाही. परदेशी कंपनीचं काम बसून करणाऱ्यांसाठी 'ई३३जी' हा वर्षाचा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. वेळेचं मात्र उत्तम जमतं: बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे पुण्यात साडेनऊला ऑफिस उघडतं तेव्हा तिथे दुपारचे बारा.

नव्वद दिवसांनी आणखी एक गंमत होते. परदेशातून आणलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळखक्रमांक, नोंदवलेला नसेल तर स्थानिक सिमला नेटवर्क मिळणं बंद होतं. नोंदणी विमानतळावर उतरतानाच कस्टमकडे करणं सोपं. लांबच्या मुक्कामाला येणाऱ्यांना हे कोणीच सांगत नाही आणि मग सगळे सिमकार्डाला शिव्या घालतात.

घरमालकाने तुमची नोंद इमिग्रेशनच्या प्रणालीत करायची असते. त्यासाठी तो पासपोर्टची प्रत मागेल, ती द्यावी. न मागणाऱ्या मालकाबद्दल उलट शंका घ्यावी. आणखी एक प्रश्न: तो खरोखर मालक आहे का? १९६० च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला तिथे पूर्ण मालकी मिळत नाही, म्हणून कित्येक व्हिला पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेऊन पुढे भाड्याने दिलेले असतात. एका बालीनीज कुटुंबाची जमीन, तिचा पट्टा एका ऑस्ट्रेलियनाकडे, त्याच्याकडून एजंटाकडे आणि तिथून तुमच्याकडे. एका महिन्यासाठी हे खणत बसायची गरज नाही. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ द्यायचे असतील तर मूळ पट्ट्याची शेवटची तारीख कागदावर बघितल्याशिवाय एक रुपियाही देऊ नये. फक्त फोटो पाठवून 'आज आगाऊ भरा नाहीतर जाईल' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. तेच फोटो तीन जाहिरातींत तीन भावांनी सापडतात.

शेजार

घराबाहेरच्या बेटाला दिलेले दोन गुण या भागाचे. सकाळी दाराशी 'चानांग सारी' ठेवलेलं असतं, नारळाच्या कोवळ्या पात्याची तळहाताएवढी करंडी, फुलं, वर उदबत्ती. ते ओलांडायचं नाही, बाजूने जायचं. गल्लीचा कारभार 'बंजार' म्हणजे वाडीची सभा बघते; परदेशी भाडेकरूकडून महिन्याची वर्गणी घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पावती मागावी आणि मुकाट्याने द्यावी. रात्रीचा पहारा, मिरवणुकीच्या वेळी रस्ता वळवणं, चोरी झाल्यावर धावून येणं हे तेच लोक करतात. कोंबडे पहाटे चारपासून आरवतात, संध्याकाळी बंजारच्या मंडपात गामेलान या पारंपरिक वाद्यवृंदाचा सराव असतो, कुत्री रात्रभर भुंकतात. यावर तक्रार करणारा परदेशी माणूस फार लवकर एकटा पडतो. कुत्र्यांबाबत मात्र गाफील राहू नये: बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी.

दर २१० दिवसांनी गालुंगान हा सण येतो आणि त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान. रस्त्यावर दुतर्फा वाकलेले बांबूचे 'पेंजोर' उभे राहतात, बेट अतिशय सुंदर दिसतं आणि एसीवाला, प्लंबर, पूल साफ करणारा, मोलकरीण, सगळे गावाकडे जातात. नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्रेसर बंद पडतो, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याची सफाई दर तीन महिन्यांनी व्हायला हवी असते आणि मालकाने ती केलेली नसते. सण जवळ आला की आठवडाभर आधी बोलावून घ्यावं.

न्येपीचा, म्हणजे बालीच्या नववर्षाचा, दिवस मराठी माणसाला चटकन कळतो. बालीची कालगणनाही शकाचीच आणि वर्षाचा पहिला दिवस आपल्या पाडव्याच्या आसपासच. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला, शके १९४८. फक्त साजरा करण्याची रीत उलटी. आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह'च्या राक्षसी मूर्ती वाजतगाजत निघतात आणि पहाटे सहापासून दुसऱ्या पहाटे सहापर्यंत बेट गप्प. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, २०१८ पासून मोबाइल डेटाही बंद. घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर काळी-पांढरी चौकडी नेसलेले 'पेचालांग', म्हणजे गावचे पहारेकरी, परत पाठवतात. टोकन, दोन गालोन, दोन दिवसांचं जेवण आदल्या दिवशी दुपारपर्यंत घरात हवं, कारण नंतर कोणी काही आणून देत नाही. ओपन लिव्हिंगवाल्या घरात त्या रात्री अंधारात बसावं लागतं; जाड पडद्यांच्या बंद खोलीत बारीक दिवा चालतो. वीज असूनही दिवे नसलेलं आकाश त्या रात्री दिसतं, आणि तेवढ्यासाठी ती तारीख साधून मुक्काम ठरवणारे लोकही आहेत.

घर सोडताना

डिपॉझिट बहुधा अर्ध्या किंवा एका महिन्याच्या भाड्याइतकं. ते रोखीत दिलं असेल तर रोखीतच आणि विमान सुटायच्या आदल्या दिवशी परत घ्यावं. 'नंतर ट्रान्सफर करतो' याला तयार होऊ नये, कारण रुपियाचं खातं तुमच्याकडे नसतं. आल्या दिवशी मीटरचा आकडा, भिंतींवरचे डाग, गादीची खालची बाजू आणि फुटलेल्या फरश्या यांचा तारखेसह व्हिडिओ मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असेल तर वाद पाच मिनिटांत मिटतो. टॉवेलवर हळदीचे डाग पडले तर पैसे कापतात, आणि ते बरोबरच आहे. मीटरमध्ये उरलेल्या युनिटांचे पैसे कोणी परत देत नाही. शेवटच्या आठवड्यात टोकन पन्नास हजारांचंच भरावं.